टायटनवरचे ‘टिटवी’ बॉम्बर पथक : संथ पडणाऱ्या बॉम्बचे काय करायचे?

रंकाळाकाठ (धागा सुरू करणारे)

नमस्कार. मी एका विज्ञानकथामालेची जुळवाजुळव करत आहे आणि तिच्या केंद्रस्थानी एक काल्पनिक बॉम्बर पथक आहे. कोल्हापुरातल्या आमच्या वाचकगटात सुरुवातीच्या प्रकरणांचे वाचन झाले, तेव्हा चर्चा पात्रांवरून सुरू झाली आणि बॉम्ब किती वेगाने पडतो यावर येऊन अडली. ती तिथे अडली हे बरेच झाले असे मला वाटते, कारण कथेचा गाभा तिथेच आहे.

अवकाशातले बॉम्बर ही कल्पनाच मुळात अवघड आहे. ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानातून बॉम्ब नुसता सोडून दिला, तर तो खाली जात नाही. यानाचाच वेग त्याच्या अंगी असल्यामुळे तो यानाच्या शेजारून फिरत राहतो. त्याला खाली आणायचे तर रॉकेट लावून त्याचा वेग मोडावा लागतो, आणि रॉकेट लावले की त्याला बॉम्ब कशाला म्हणायचे, क्षेपणास्त्रच म्हणावे. खऱ्या अर्थाने बॉम्ब टाकायचा, तर खाली घन जमीन, पुरेसे गुरुत्व आणि विमान तोलून धरणारी हवा या तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. मंगळावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६० अंश सेल्सियस तापमान आणि पृथ्वीच्या नव्वदपट दाब आहे, तिथे वसाहत कोण करणार? राहिला शनीचा उपग्रह टायटन.

टायटनचे गुरुत्व पृथ्वीच्या साधारण एक सप्तमांश आहे, पृष्ठभागावरचा हवेचा दाब जवळपास दीडपट आहे आणि तापमान उणे १७९ अंश असल्यामुळे ती हवा आपल्या हवेपेक्षा चौपटीहून अधिक दाट आहे. याचा परिणाम विलक्षण होतो. पृथ्वीवर ज्या विमानाला हवेत टिकण्यासाठी ताशी किमान २०० किलोमीटर वेग लागतो, तेच विमान टायटनवर ताशी ३५ किलोमीटरनेही तरंगते, आणि त्यासाठी लागणारी शक्ती चाळिसाव्या हिश्शावर येते. हवेत ऑक्सिजन नसल्याने जेट इंजिनाचा उपयोग नाही. म्हणून माझी विमाने अणुऊर्जेवर चालणाऱ्या विद्युत मोटारींची, मोठ्या पंख्यांची आणि अत्यंत संथ आहेत.

पथकाचे नाव ‘टिटवी’. रात्री ओरडणारा, अपशकुनी मानला गेलेला हा पक्षी रात्रीच्या बॉम्बफेकीला शोभतो, आणि ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ ही म्हण पथकाच्या बोधचिन्हावर आपोआप येऊन बसते. शत्रूच्या वसाहती टायटनच्या उत्तर ध्रुवाजवळच्या क्राकेन मारे या मिथेनच्या समुद्राकाठी आहेत. पथकात १२ विमाने असून प्रत्येक विमानात वैमानिक, नेव्हिगेटर आणि नेमबाज असे तिघे आहेत. पथकातले सगळे लोक एका उद्ध्वस्त वसाहतीतून बाहेर पडलेले आहेत. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश स्क्वाड्रनांवरून सुचली. देश हातातून गेल्यावर पोलिश वैमानिकांनी ब्रिटनमध्ये राहून ३००, ३०१, ३०४ आणि ३०५ या क्रमांकांची बॉम्बर स्क्वाड्रन १९४० साली उभी केली होती.

आता मुख्य प्रश्न. आठ किलोमीटर उंचीवरून सोडलेला बॉम्ब, हवेचा विरोध बाजूला ठेवला तर, पृथ्वीवर सुमारे ४० सेकंदांत जमिनीवर येतो. टायटनवर त्याला १०९ सेकंद लागतात, आणि तिथली दाट हवा हिशेबात धरली तर निमुळता, २५० किलोचा बॉम्बही दोन मिनिटांहून अधिक वेळ घेतो. ताशी ४० किलोमीटरने जाणारे वाहन तेवढ्या वेळात जवळपास दीड किलोमीटर निघून जाते. या दोन मिनिटांत बॉम्ब कोणाचा असतो, आणि त्याच्याबद्दलचा निर्णय कोणी घ्यायचा? माझी संपूर्ण कथा या प्रश्नावर उभी आहे. जाणकारांनी यातल्या तांत्रिक बाजूचा कीस पाडावा, अशी विनंती आहे.

कक्षागणित

गणित तपासून पाहिले, आकडे जुळतात. बॉम्बचा अंतिम वेग गुरुत्व भागिले घनता यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे टायटनवर तो पृथ्वीवरच्या वेगाच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडा कमी भरतो. ह्युजेन्स हे यान १४ जानेवारी २००५ रोजी टायटनवर उतरले, तेव्हा पॅराशूटच्या आधाराने खाली यायला त्याला जवळजवळ अडीच तास लागले होते, हे या ठिकाणी आठवण्यासारखे आहे.

मात्र माझा आक्षेप निराळा आहे. बॉम्बला शेपटीकडे हलती पाती बसवली, तर इतक्या दाट हवेत तो हवा तसा वळवता येईल. दोन मिनिटे हाताशी असतील, तर लक्ष्य दीड किलोमीटर सरकले तरी बिघडत नाही. मग संथ पडण्याची अडचण उरतेच कुठे? आणि बॉम्ब वळवता येत असेल, तर विमानात तीन माणसे बसवण्याचे कारण काय?

रंकाळाकाठ

माणसे विमानात असण्याचे कारण टायटनच्या हवेतच आहे. नारिंगी धुरक्यामुळे वरून साध्या प्रकाशात जमीन दिसत नाही; अवरक्त प्रकाशाच्या काही ठरावीक पट्ट्यांत किंवा रडारनेच ती दिसते. शनीपाशी सूर्यप्रकाश मुळातच पृथ्वीवरच्या शंभराव्या हिश्शाइतका असतो. दोन्ही बाजू एकमेकांचे रेडिओ संदेश दाबून टाकतात, असे मी गृहीत धरले आहे. त्यामुळे बॉम्ब वळवणारा माणूस त्याच्या जवळपास असावा लागतो. पृथ्वीवरून हुकूम यायचा म्हटला तर एका दिशेने सव्वा तासाच्या आसपास लागतो, तेव्हा तो मार्ग बंदच आहे.

वळवता येण्याबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, आणि तेच मला हवे आहे. महायुद्धातला नेमबाज कळ दाबून मोकळा होत असे. विमान लगेच वळून घराच्या दिशेला लागे. माझ्या कथेतल्या नेमबाजाला दोन मिनिटे पडद्यावर नजर ठेवून बॉम्ब लक्ष्यापर्यंत न्यावा लागतो, आणि लक्ष्य त्या वेळात हळूहळू मोठे, स्पष्ट होत जाते. आधी केवळ उष्णतेचा ठिपका दिसतो, मग वाहनाचा आकार दिसतो आणि शेवटी ते वाहन मालाचे आहे की माणसांचे, हेही कळते.

शंकेखोर

लेखकाचा हेतू चांगला आहे, परंतु मला यात एक सोय दिसते. ‘शेवटच्या क्षणी नेमबाजाला दिसले आणि त्याने हात आखडता घेतला’ हा प्रसंग लिहायला सोपा आणि वाचायला गोड असतो. बॉम्बर कमांडचा खरा इतिहास गोड नाही. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे सव्वा लाख विमान-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण मारले गेले. एका माणसाच्या वाट्याला ३० मोहिमांची पहिली फेरी असे आणि ती जिवंतपणी पुरी होण्याची शक्यता कमीच असे. अशा परिस्थितीत माणूस खालच्या वाहनात कोण आहे हे पाहत बसत नाही, तो स्वतःचे आकडे मोजतो. आपल्या पथकात हा हिशेब कुठे आहे?

दुसरे असे की १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खगोलीय पिंडांवर लष्करी तळ उभारण्यास आणि शस्त्रांच्या चाचण्या घेण्यास मनाई आहे, आणि भारतही त्या करारात आहे. कथेत त्याचे काय झाले, हे एका वाक्यात तरी यायला हवे.

रंकाळाकाठ

कराराचा उल्लेख दुसऱ्या प्रकरणात आहे: दोन्ही वसाहती स्वतःच्या लष्करी तळांना ‘हवामान केंद्र’ म्हणतात, आणि पथकाच्या कागदपत्रांत प्रत्येक हल्ल्याची नोंद ‘निरीक्षण उड्डाण’ अशी होते. मोहिमांच्या हिशेबाचा मुद्दा मात्र मोलाचा आहे. टायटनचा एक दिवस पृथ्वीच्या जवळपास १६ दिवसांचा असतो, म्हणजे रात्र आठ दिवसांची. पथक त्या आठ दिवसांत जितकी उड्डाणे करता येतील तितकी करते आणि पुढचे आठ दिवस दुरुस्तीत घालवते. ‘किती मोहिमा झाल्या’ असे माझ्या पथकात कोणी विचारत नाही, ‘किती रात्री झाल्या’ असे विचारतात. नेमबाजाने हात आखडता घेण्याचा प्रसंग मी एकदाच ठेवला आहे, आणि त्याचे परिणाम त्याच्याच सोबत्यांना भोगावे लागतात.

रात्रपाळी

संथ विमानांची लाज बाळगू नये, एवढेच सुचवतो. सोव्हिएत हवाई दलाची ५८८ वी रात्र-बॉम्बर रेजिमेंट पूर्णपणे स्त्रियांची होती आणि १९४२ पासून ती पो-२ या लाकूड-कापडाच्या दोन पंखी विमानांतून लढली. त्या विमानाचा कमाल वेग ताशी सुमारे १५० किलोमीटर होता. लक्ष्याजवळ येताच वैमानिक इंजिन मंद करून विमान तरंगत आत नेत असे, त्यामुळे खालच्या सैनिकांना पंखांच्या तारांमधून जाणाऱ्या वाऱ्याचाच काय तो आवाज येई.

टायटनवर ही युक्ती कितीतरी पटीने साधेल. घसरण आणि अंतर यांचे प्रमाण एकास पंधरा असेल, तर मोटारी बंद करून आठ किलोमीटर उंचीवरून १२० किलोमीटर तरंगत जाता येते, आणि ताशी ७० किलोमीटर वेग धरला तर त्या प्रवासाला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. दीड तास तिघे जण अंधारात, मोटारी बंद ठेवून, आपापसांत न बोलता बसलेले आहेत. माझ्या मते आपली दोन मिनिटे या दीड तासाच्या शेवटी आली, तर शंकेखोर यांच्या आक्षेपाला उत्तर मिळेल. इतका वेळ विचार करायला मिळालेला माणूस शेवटच्या क्षणी अचानक हळवा होत नाही, त्याचे मत बरेच आधी बनलेले असते.

रंकाळाकाठ

हे मी विचारात घेतले नव्हते आणि आता ते कथेत येणारच. फक्त उंचीचा मेळ घालावा लागेल: विमान वीस किलोमीटरवरून मोटारी बंद करील आणि आठ किलोमीटरवर पोहोचेल तेव्हा बॉम्ब सोडील.

उद्यमनगर_ओतारी

आमचा धंदा ओतकामाचा, त्यामुळे माझे लक्ष धातूकडे गेले. उणे १७९ अंशांत साधे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तर सोडाच, नेहमीचे एसजी आयर्न हे त्याहून चिवट ओतीव लोखंडदेखील ठोका बसताच तडकते. साध्या कार्बन स्टीलचीही तीच गत. त्या थंडीत त्याचा चिवटपणा जातो आणि चार्पी टेस्टमध्ये, म्हणजे ठोका मारून चिवटपणा मोजण्याच्या चाचणीत, नमुना काचेप्रमाणे तुटतो. आपण बॉम्बचे कवच ‘ओतीव लोखंडाचे’ असे लिहिले असेल, तर तो बॉम्ब आत शिरण्याआधीच फुटून त्याचे तुकडे होतील, कारण टायटनवरचा बर्फ त्या तापमानाला दगडाइतका कठीण असतो. तिथे थंडीतही चिवट राहणाऱ्या ऑस्टेनायटिक जातीचे धातू, म्हणजे सुमारे २२ टक्के निकेल असलेले ऑस्टेनायटिक एसजी आयर्न किंवा ऑस्टेनायटिक स्टेनलेस स्टील वापरावे लागेल. निकेल कुठून आणणार, हा आपल्या वसाहतीचा सर्वांत मोठा लष्करी प्रश्न होईल, आणि स्फोटकांपेक्षा कवच महाग पडेल.

दुसरी गोष्ट आखडण्याची. खोलीच्या तापमानातून त्या थंडीत नेल्यावर एक मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा भाग जवळपास चार मिलिमीटर आखडतो आणि स्टेनलेस स्टीलचा तीनच्या आसपास. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि बॉम्ब धरणारा आकडा स्टीलचा असेल, तर गरम हँगरमध्ये छान बसलेली जोडणी बाहेर जाताच जाम होईल. रबरी सील आणि तेल-ग्रीस विसरून जावे. घर्षणाच्या ठिकाणी मोलिब्डेनम डायसल्फाइडसारखे कोरडे वंगण वापरावे. आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कोणत्याही जुन्या मिस्त्रीला हे फरक बोटांना कळतात, तेव्हा पथकात असा एक तरी माणूस ठेवावा.

निवृत्त_फिटर

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. ओतारी यांनी लिहिलेला शेवटचा परिच्छेद वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. रंकाळाकाठ, तुम्ही वयाने लहान असाल असे समजून स्पष्ट बोलतो: तुमच्या पथकात १२ विमाने आणि ३६ माणसे आहेत, म्हणजे ते पथक नव्हे, नुसती विमानातली गर्दी आहे. विमान उडवणाऱ्यांच्या मागे जमिनीवर कितीतरी अधिक माणसे असतात. भारताच्या पहिल्या बॉम्बर स्क्वाड्रनची सुरुवात आठवा. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला मोडून टाकून दिलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी पुन्हा उडण्याजोगी केली, आणि १९४८ साली क्रमांक पाचची स्क्वाड्रन त्यांच्यावर उभी राहिली. पुढे आलेली कॅनबेरा विमाने तर २००७ पर्यंत सेवेत होती. पन्नास वर्षे विमान टिकते ते कोणामुळे?

आता कामाचे. तुमच्या टायटनवर २५० किलोच्या बॉम्बचे वजन पृथ्वीवरच्या ३४-३५ किलोइतके भरेल. दोन पोरे तो सहज उचलतील आणि इथेच घात होईल, कारण वजन कमी झाले तरी वस्तुमान तेवढेच राहते. हलणारा बॉम्ब हाताने थांबवायला गेलेल्याचा हात विमानाच्या अंगावर चेचला जाईल. नव्या भरतीला पहिल्या दिवशी हेच शिकवायला हवे. शिवाय इतक्या कमी गुरुत्वात आकडा उघडला तरी बॉम्ब नीट सुटेलच असे नाही. त्याला काडतुसाच्या जोराने खाली ढकलावे लागेल. आकडा जाम झाला आणि बॉम्ब लटकलेला घेऊन विमान परत आले, तर धावपट्टीवर कोण जाणार, हे आधीच ठरलेले असते. प्रत्येक बॉम्बच्या सुरक्षा पिना उड्डाणाआधी काढतात, वैमानिकाला दाखवतात आणि मोजून ठेवतात. पिनांची संख्या आणि परत आलेल्या बॉम्बांची संख्या यांचा मेळ बसेपर्यंत कोणी जेवायला जात नाही. तुमच्या ‘निर्णय कोणाचा’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या पिना काढणाऱ्या माणसापाशी आहे.

रंकाळाकाठ

काका, आपण लिहिलेले वाचून पथकाची रचनाच बदलली. प्रत्येक विमानामागे जमिनीवर दहा जणांची तुकडी धरतो, आणि तिसऱ्या प्रकरणात लटकलेला बॉम्ब घेऊन परतलेले विमान आणतो. त्याचे कारण ओतारी यांनी सांगितलेले आखडणे हेच असेल.

गांधीनगरकर

पोलिश स्क्वाड्रनांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पोलंडमधून हद्दपार केलेल्या लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात राहिले. त्यांची शाळा होती, चर्च होते, स्वतःची दुकाने होती. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहू लागली आणि आमचे गांधीनगर वसले. महावीर उद्यानात त्या पोलिश लोकांचे स्मारक आहे. निर्वासितांचे पथक लिहायचे असेल, तर विमानात बसलेल्यांइतकेच छावणीत थांबलेल्यांचेही आयुष्य त्यात यावे. तुमच्या ‘टिटवी’च्या लोकांची कुटुंबे कुठे आहेत? त्यांना वळिवड्याला आणता येईल का?

कक्षागणित

आणता येणार नाही. कॅसिनी यान १९९७ साली निघाले आणि २००४ साली शनीपाशी पोहोचले. बाविसाव्या शतकात प्रवास लवकर होईल असे धरले, तरी एक सप्तमांश गुरुत्वात वाढलेली मुले पृथ्वीवर आपल्या पायांवर उभी राहतील का, याची शंका आहे. उलट केले तर जमेल. पथकातली माणसे टायटनवर जन्मलेली नसून कराराने कामाला गेलेली आहेत, वसाहत नष्ट झाल्याने परतीचे यान उरलेले नाही, आणि घरची माणसे कोल्हापुरातच आहेत.

गांधीनगरकर

हे अधिक पटते. मग छावणी टायटनवर आणि कुटुंब इथे, म्हणजे वळिवड्याची उलटी बाजू होईल. निकेलचे ओतकाम जाणणारी माणसे कोल्हापूरहून तिथे गेली असणे स्वाभाविकही आहे.

रंकाळाकाठ

ठरले. नेमबाजाची आई उजळाईवाडीत विमानतळाजवळ राहते, आणि त्याचा निरोप तिला सव्वा तासाने मिळतो. ती उत्तर देते तोवर तो पुढच्या उड्डाणावर गेलेला असतो.

आता उरलेला मुद्दा स्पष्ट करतो, म्हणजे शंकेखोर यांनाही उत्तर मिळेल. बॉम्ब पडत असताना तो निकामी करण्याची कळ नेमबाजाकडे नाही. ती नेव्हिगेटरकडे आहे. बॉम्ब लक्ष्यापर्यंत नेणारा एक आणि तो निकामी करू शकणारा दुसरा, आणि दोघांच्या समोरचे पडदे वेगळे. नेमबाजाला जवळून दिसते, पण थांबवता येत नाही. नेव्हिगेटरला थांबवता येते, पण त्याच्यासमोर नकाशाच असतो. त्यामुळे एकाने दुसऱ्याला त्या दोन मिनिटांत काय सांगायचे आणि काय लपवायचे, यावर सगळे अवलंबून राहते.

शंकेखोर

या रचनेत सोय राहत नाही, हे कबूल. मात्र वैमानिकाला त्या संभाषणात बोलू देऊ नका. तो तिसरा बोलला की नाटक होते.

निवृत्त_फिटर

चांगले आहे, पण निकामी केलेला बॉम्ब नाहीसा होत नाही. तो बर्फात अर्धा रुतून पडतो, आत स्फोटक तसेच असते, आणि कवच निकेलचे असल्याने दोन्ही बाजूंना ते हवे असते. म्हणजे ज्या रात्री नेव्हिगेटर कळ दाबतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी जमिनीवरच्या कोणाला तरी शत्रूच्या हद्दीत जाऊन तो उकरून आणावा लागेल. नोंदवहीत ‘निरीक्षण उड्डाण’ असे लिहिलेले असले, तरी पिनांचा हिशेब एका बॉम्बने चुकलेला असणार, आणि तो कशामुळे चुकला हे पिना मोजणाऱ्याला विमान उतरताच कळेल. त्या उकरणाऱ्या तुकडीला एक स्वतंत्र प्रकरण द्या.

रंकाळाकाठ

चौथे प्रकरण त्यांचेच असेल, काका. तुकडीचा प्रमुख ओतारी यांनी मागितलेला तो उद्यमनगरचा मिस्त्रीच करतो. कच्चा मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकीन. पिनांच्या नोंदवहीचा नमुना कसा असतो, तेवढे त्याआधी आपल्याकडून समजून घ्यायचे आहे.